कारागिराचे नाव
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



दरवर्षी आपल्या मेळाव्यात एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्रावर चार शब्द बोलले जावेत, असा प्रघात आहे. आजवर या व्यासपीठावरून आपण संतांची, देशभक्तांची आणि समाजसुधारकांची चरित्रे ऐकली, व ती ऐकावयासच हवीत. यंदा कार्यकारी मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आमच्या मनात असा विचार आला की, ज्या सुई-कात्रीच्या धंद्यावर आपल्या शिंपी समाजाच्या कित्येक पिढ्यांचे पोट भरले आणि आजही आपल्यांतील अनेक घरांची चूल पेटते, त्या धंद्यातीलच एखादे चरित्र आपणांपुढे का ठेवू नये?

ज्यांना आज फॅशन डिझायनर म्हणतात, अशा एका स्त्रीचे हे चरित्र आहे. ती आपल्या देशातील नव्हे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली आणि तिचे नाव अ‍ॅन लो. हे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, यात नवल नाही. कारण तिच्या स्वतःच्या देशातही ते फार वर्षे कोणी उच्चारीत नव्हते. हाताची किमया असूनही नाव का मिळाले नाही, आणि शेवटी ते कोणी मिळवून दिले, हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

अ‍ॅन लो यांचा जन्म 1898 साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, क्लेटन या लहानशा गावी झाला. त्यांच्या घराण्यात शिवणकाम आईकडून मुलीकडे चालत आले होते. आजी जॉर्जिया ही गुलामगिरीच्या काळातील. त्या काळी मळेवाल्यांच्या घरची उंची वस्त्रे शिवण्याचे काम गुलाम स्त्रियांकडे असे, आणि तीच विद्या पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर या कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन झाली. आजी आणि आई अशा दोघी मिळून मॉन्टगोमेरी शहरातील बड्या घरच्या स्त्रियांचे पोशाख शिवीत. लहानगी अ‍ॅन त्यांच्या पायाशी बसून कापून पडलेल्या चिंध्या वेची आणि त्यांची फुले करी. बागेत जे फूल दिसेल ते कापडात उतरवावे, हा तिचा खेळ. हीच कापडी फुले पुढे आयुष्यभर तिच्या पोशाखांची ओळख ठरली. आपल्या घरांतूनही मुले अशीच चिंध्यांशी खेळत मोठी झाली आहेत. तेव्हा हे चित्र आपणांस वेगळे समजावून सांगावयास नको.

1914 साली आई वारली. अ‍ॅन त्या वेळी जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. अलाबामाच्या गव्हर्नरांच्या पत्नीसाठी घेतलेल्या कामापैकी चार पोशाख अर्धवट पडले होते. घरात सुतक, हाताशी वडीलधारे कोणी नाही आणि काम राज्यातील पहिल्या घराण्याचे. या मुलीने ते चारही पोशाख पुरे करून दिले. आईचा धंदा आपणांस पेलेल, हा भरवसा तिला त्या कामाने दिला.

तिचे लग्न लवकर झाले होते आणि पतीची इच्छा तिने शिवणकाम सोडावे अशी होती. परंतु फ्लॉरिडातील टँपा शहरच्या एका धनिक बाईंनी दुकानात तिच्या अंगावरचा पोशाख पाहिला आणि तो तिने स्वतःच शिवला आहे असे कळताच तिला आपल्या मुलींचे कपडे शिवण्यासाठी बोलावून घेतले. लहान मुलाला घेऊन ती टँपास गेली. कला आणि संसार यांतील एक निवडण्याची पाळी तिच्यावर आली, याचे दुःख वाटते. ती पाळी आपल्या लेकीसुनांवर येऊ न देणे हे मात्र आपल्या हाती आहे.

पुढे 1917 साली ती न्यूयॉर्कमधील एस. टी. टेलर यांच्या वेशरचनेच्या शाळेत शिकावयास गेली. तेथील चालकांस आलेली विद्यार्थिनी कृष्णवर्णीय आहे हे ठाऊक नव्हते. तिला प्रवेश मिळाला, परंतु गोऱ्या मुलींच्या वर्गात बसू देण्यात आले नाही. ती एका निराळ्या खोलीत एकटीच शिकली. गंमत अशी की, तिने केलेले काम मात्र नमुना म्हणून वर्गातील मुलींना दाखविण्यात येई. माणूस बाहेर आणि त्याचे काम आत, ही जी रीत त्या शाळेत सुरू झाली, ती पुढे तिच्या आयुष्यभर चालू राहिली. अभ्यासक्रम मात्र तिने ठरल्या मुदतीच्या आधीच पुरा केला.

टँपास परतून तिने स्वतःचे शिवणगृह चालविले, इतर स्त्रियांस काम शिकविले, आणि 1928 साली 20,000 डॉलरची पुंजी गाठीशी बांधून ती न्यूयॉर्कला आली. परंतु पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि मंदीची वर्षे सुरू झाली. लोबाईंनी नामांकित दुकानांसाठी आणि दुसऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या शिवणगृहांसाठी काम केले. ऑलिव्हिया डी हॅविलँड या अभिनेत्रीने 1947 साली ऑस्कर पारितोषिक स्वीकारताना जो पोशाख घातला होता, तो लोबाईंच्या हातचा होता. त्या पोशाखावर नावाची पट्टी मात्र दुसऱ्याच बाईंची होती.

आता त्यांच्या हातच्या कामाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते समजून घेण्यास या सभेइतके जाणते श्रोते क्वचितच मिळतील. श्रीमंत घराण्यांतील मुली वयात आल्या म्हणजे त्यांचा समाजात प्रथम पदार्पणाचा मोठा सोहळा अमेरिकेत होत असे. त्या सोहळ्यासाठी आणि विवाहासाठी लागणारे घेरदार झगे ही लोबाईंची खासियत. पोशाखाला घाट यावा म्हणून लागणारा आधार त्या आतूनच शिवून टाकीत. कापडाच्या पाकळ्या एकेक करून हाताने घडवीत व जेथे फूल खरोखर उमलले आहे असे वाटावे तेथेच ते टाचीत. पोशाख उलटा करून पाहिला तरी आतील टीप न् टीप नीट उतरलेली दिसावी, असा त्यांचा कटाक्ष असे. आपल्यांतील जुने कारागीरही कपडा हाती घेतला की आधी उलटून पाहतात. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते. कारागिराचे इमान आतल्या बाजूस दिसते.

या बाईंच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग 1953 सालचा आहे. सिनेटर जॉन केनेडी आणि जॅकलिन बूव्हिए यांचा विवाह 12 सप्टेंबर रोजी न्यूपोर्ट येथे व्हावयाचा होता. वधूच्या मातोश्रींनी वधूचा आणि तिच्या सख्यांचा असा सर्व पोशाख शिवण्याचे काम लोबाईंना दिले. एकट्या वधूच्या झग्यालाच हस्तिदंती रंगाचे सुमारे 50 वार रेशमी कापड लागले. दोन महिने खपून काम होत आले, आणि लग्न दहा दिवसांवर आले असताना शिवणगृहात पाणी शिरले. 15 पैकी 10 पोशाख नासले, आणि त्यांत वधूचा पोशाखही होता.

समाजबंधूंनो, दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर ज्याच्या दुकानात असा अपघात घडला असेल, त्याला त्या रात्रीची कल्पना करता येईल. लोबाईंनी गिऱ्हाइकाकडे धाव घेऊन रडगाणे गायले नाही. पुन्हा कापड विकत घेतले, मदतीला माणसे लावली, रात्रीचा दिवस केला आणि ठरल्या तारखेस सर्व पोशाख तयार ठेवले. ज्या कामात 700 डॉलर नफा व्हावयाचा, त्यात 2,200 डॉलर तोटा आला. वधूच्या घरी त्यांनी याचा उच्चारही केला नाही.

पोशाख घेऊन त्या स्वतः न्यूपोर्टला गेल्या, तेव्हा दारावर त्यांना नोकरचाकरांच्या वाटेने आत जाण्यास सांगण्यात आले, अशी हकीकत आहे. त्यावर, पोशाख पुढील दाराने जातील, नाहीतर आल्या वाटेने परत जातील, असे त्यांनी बजावले. आणि त्या पुढील दारानेच आत गेल्या. तोटा त्यांनी मुकाट्याने सोसला, परंतु अपमान सोसला नाही. तोटा त्यांच्या एकटीचा होता. अपमान मात्र त्यांच्या सबंध लोकांचा आणि त्यांच्या विद्येचा झाला असता.

त्या विवाहाची वर्णने देशभर छापून आली. झग्याचे कापड, घडी, घेर, सगळ्यांची तपशीलवार चर्चा झाली. तो कोणी शिवला, हे मात्र बहुतेक वृत्तपत्रांनी लिहिले नाही. पुढे 1961 साली, केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, एका मासिकातील लेखात या झग्याचा उल्लेख आला तो असा की, तो कोणा काळ्या शिवणकरणीने केलेला होता, उच्च दर्जाच्या वेशरचनाकाराचा नव्हता. लोबाईंनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस पत्र लिहिले. आपल्या मनास किती लागले ते त्यांनी संयमाने सांगितले, आणि आपला उल्लेख नामवंत वेशरचनाकार म्हणून व्हावा, अशी अपेक्षा नोंदविली. आपल्या वंशाचे नाव झाकून ठेवावे अशी त्यांची मागणी नव्हती. वंशही सांगा आणि योग्यताही सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

चरित्र सांगताना केवळ गुणगान करणे हे श्रोत्यांशी प्रामाणिक वर्तन नव्हे. लोबाईंच्या ठायी दोन उणिवा होत्या. एक अशी की, आपले पोशाख खानदानी घराण्यांनीच घालावेत असा त्यांचा हट्ट होता, आणि तो त्या उघड बोलूनही दाखवीत. दुसरी उणीव अधिक महागात पडली. त्यांना हिशेब येत नव्हता. किंबहुना तो करावा असे त्यांना वाटतच नव्हते. सुंदर कापड दिसले की किंमत न विचारता घ्यावे, एकेका फुलासाठी तासन्‌तास खर्चावेत, आणि मोल मात्र गिऱ्हाईक म्हणेल ते मान्य करावे. धनिक कुटुंबे घासाघीस करीत आणि बाई नमते घेत. मुलगा आर्थर हिशेबाची बाजू सांभाळीत असे. 1958 साली तो मोटार अपघातात दगावला आणि ती बाजू उघडी पडली. पुढे एका मोठ्या पेढीत त्यांना मानाची जागा मिळाली, परंतु कापडाचा आणि मजुरीचा खर्च त्यांच्याच अंगावर आला. काम वाढले तसे कर्जही वाढले.

1962 साली कर थकल्यामुळे त्यांचे शिवणगृह गेले. त्याच वर्षी काचबिंदूमुळे त्यांचा उजवा डोळा काढावा लागला. त्या आजारात असताना कोणा अनाम हितचिंतकाने त्यांचे देणे फेडले. ती व्यक्ती म्हणजे जॅकलिन केनेडी असावी, अशी लोबाईंची समजूत होती. तरीही 1963 साली त्यांना दिवाळे जाहीर करावे लागले. पुढे डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आला; शस्त्रक्रियेने तो डोळा वाचला. 1964 साली एका प्रसिद्ध साप्ताहिकाने त्यांच्यावर लेख लिहिला, तो बड्या लोकांनी उत्तम रीतीने जपून ठेवलेले गुपित म्हणून. ज्या कारागिराचे नाव गिऱ्हाइके एकमेकींच्या कानात सांगतात परंतु चारचौघांत घेत नाहीत, त्याची स्थिती याहून निराळी काय असणार? एका डोळ्याच्या बळावर त्यांनी 1968 साली पुन्हा दुकान उघडले आणि 1972 पर्यंत काम केले. 25 फेब्रुवारी 1981 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी, मुलीच्या घरी त्यांचा अंत झाला.

चरित्र येथे संपते, परंतु नावाची हकीकत पुढे चालू राहते, आणि आपल्यासारख्या संस्थेने विशेष लक्ष द्यावे असा भाग तोच आहे. लोइस अलेक्झांडर लेन या कृष्णवर्णीय बाईंनी 1979 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आपल्या लोकांच्या वेशकलेचे संग्रहालय काढले. कोणी शिवले, केव्हा शिवले, कोणासाठी शिवले, याची नोंद ठेवून त्यांनी वस्त्रे गोळा केली. लोबाईंचे पोशाखही त्यांत होते. तो संग्रह 2007 साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला, आणि तेथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय 2016 साली खुले झाले. केनेडींच्या विवाहाचा झगा बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संग्रही आहे. 2023 साली डेलावेअर राज्यातील विंटरथर संग्रहालयाने लोबाईंच्या पोशाखांचे मोठे प्रदर्शन भरविले, आणि त्याचे शीर्षकच त्यांच्या नावाचे होते. सत्तर वर्षांपूर्वी जे नाव छापले गेले नाही, ते आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागले. हे घडले, कारण त्यांच्याच समाजातील एका स्त्रीने वेळेवर पेट्या उघडून कपडे राखले आणि त्यांवर नावे लिहिली.

आता आपल्याकडे वळू. त्या लोकांनी गुलामगिरीत आणि वर्णभेदात जे सोसले, त्याच्याशी आपल्या अडचणींची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. दुसऱ्याचे दुःख आपलेच म्हणून सांगू नये. परंतु कारागिराची गोष्ट कारागिरास समजते, एवढ्या नात्याने आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट हिशेबाची. आपल्या कित्येक भगिनी घरी ब्लाउज शिवतात, साडीला फॉल-पिको करतात, काज-बटणे करतात. धागा, अस्तर, बटणे यांचे पैसे त्या धरतात. स्वतःच्या तासांचे पैसे धरीत नाहीत. ओळखीच्या बाईकडून कसे मागावे, हा संकोच आड येतो. अ‍ॅन लो यांच्या हातात जेवढी कला होती तेवढी आपल्यांत क्वचित कोणाच्या हाती असेल, आणि तीही त्यांना कर्जापासून वाचवू शकली नाही. म्हणून आपल्या मंडळाने शिवणवर्गाबरोबरच जमाखर्चाचा वर्ग चालवावा. मोल सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या स्मरणिकांतील वधूवर-सूची चाळून पाहा. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात "व्यापार" असे मोघम लिहिलेले पुष्कळदा आढळते. चौकशी केली तर दुकान शिवणाचे असते. हा संकोच का? आपले श्री संत नामदेव महाराज यांनी विठ्ठलभक्तीचा ध्वज पंजाबापर्यंत नेला. त्यांची 61 पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत, आणि त्यांत मनाला गज व जिभेला कात्री म्हटले आहे. परमेश्वराशी बोलतानाही त्यांनी आपली हत्यारे लपविली नाहीत. मग सोयरिकीच्या वेळी आपण ती का लपवावी? जो धंदा सांगण्याची आपणांसच लाज वाटते, त्याचा मान इतरांनी राखावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आपली तरुण मुले मोठ्या दुकानांसाठी माल शिवतात, आणि त्यावर पट्टी दुकानाची लागते. रोजगाराच्या दृष्टीने ते चालावयाचेच. परंतु जे काम आपण आपल्या दुकानात, आपल्या हाताने करू, त्यावर आपल्या नावाची लहानशी का होईना पट्टी असावी. आणि त्या पट्टीखालील टीप आतल्या बाजूनेही चोख असावी. नाहीतर नाव लावून उपयोग काय?

तिसरी गोष्ट नोंदीची, आणि ती सर्वस्वी या संस्थेच्या हातची आहे. आपल्यांतील ऐंशीच्या घरातील कारागीर आज या सभागृहात बसले आहेत. शेरवानी कोणी बेतली, नऊवारीवरची चोळी कोणाच्या हातची बसे, बँडवाल्यांचे आणि नाटक मंडळ्यांचे पोशाख कोणी शिवले, हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्यामागे ते कोणास ठाऊक असणार नाही. म्हणून पुढील वर्षापासून स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबर कारागिरांची यादी छापावी, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे. नाव, गाव, कोणाकडून शिकले, कोणते काम विशेष, आणि कोणास शिकविले, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. घरात जुनी वस्त्रे, जुने गज, मापांच्या वह्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. एका बाईंनी हार्लेममध्ये जे केले, ते करण्यास मोठा निधी लागतोच असे नाही. सुरुवातीस एक कपाट आणि एक वही पुरते.

तरुण मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंता व्हाल, कोणी डॉक्टर, कोणी परदेशी जाल. अवश्य जा. धंदा सोडू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. जे कोणी या कामात राहतील किंवा वेशरचनेचे शिक्षण घेऊन नव्याने येतील, त्यांनी वर्गाबाहेरच्या खोलीत बसून शिकलेल्या त्या मुलीचे स्मरण ठेवावे. आणि जे हा धंदा सोडून जातील, त्यांनी आपल्या आजोबांचे नाव सांगताना त्यांचे काम वगळू नये, एवढीच विनंती.